दोन भाषांतला घरगुती पॉडकास्ट: कोऱ्या पाटीपासून पहिल्या भागापर्यंत

माझ्या पॉडकास्टचे पहिले तीन भाग आज कुठेही ऐकायला मिळणार नाहीत. मीच ते काढून टाकले. त्यांत मी मराठीत एक वाक्य बोलायचे आणि लगेच तेच हिंदीत. आत्याने पहिला भाग ऐकला आणि म्हणाली, "तू आधी मला सांगतेस, मग तेच पुन्हा मलाच वेगळ्या भाषेत सांगतेस. मी काय बहिरी आहे?" वहिनीचं माहेर हिंदी बोलणारं. तिची तक्रार नेमकी उलट होती: प्रत्येक वाक्याआधी तिला थांबून राहावं लागत होतं.

कथा, कविता आणि घरच्यांशी गप्पा दोन भाषांत ऐकवायच्या, एवढीच माझी इच्छा होती. माइक कुठला घ्यायचा यावर मी महिनाभर वाचत बसले; दोन भाषा एका भागात कशा नांदवायच्या यावर एक दिवसही विचार केला नव्हता. म्हणून हा लेख त्या प्रश्नापासून सुरू करते. माझी जोडी मराठी-हिंदी आहे, तुमची मराठी-इंग्रजी असेल किंवा मराठी-कन्नड. पायऱ्या त्याच.

१. घरची भाषा कुठली, पाहुणी कुठली ते ठरवा

हे पॉडकास्टपुरतं एकदा ठरवून भागत नाही. प्रत्येक भागाला वेगळं ठरवावं लागतं. ज्या भाषेत भाग चालणार ती घरची. दुसरी पाहुणी: तिला मानाची जागा द्यायची, पण संसार तिच्या हाती द्यायचा नाही. मी तीन रीती करून पाहिल्या.

पहिली रीत: एकाच मजकुराचे दोन स्वतंत्र भाग, एक पूर्ण मराठी, एक पूर्ण हिंदी. कथेसाठी ही उत्तम. काम मात्र दुप्पट. दुप्पटही नाही, अडीचपट, कारण हिंदी कथा नव्याने लिहावी लागते.

दुसरी: भाग एका भाषेत आणि मध्ये मध्ये दुसऱ्या भाषेत 'पूल'. पूल म्हणजे दोन-तीन वाक्यं, ज्यांत पुढे काय येणार आहे ते सांगायचं. जे होऊन गेलं त्याचं भाषांतर नव्हे. वहिनीला 'आता आत्या तिच्या शाळेतली एक फजिती सांगणार आहे' एवढं हिंदीत आधी कळलं, की पुढची पाच मिनिटं मराठी ती मजेत ऐकते. कवितांना आणि आठवणींना मी हीच रीत वापरते.

तिसरी रीत गप्पांसाठी: ज्याला ज्या भाषेत बोलावंसं वाटेल त्याने त्या भाषेत बोलावं. आमच्या घरी एरवीही असंच चालतं. आत्या मराठीत विचारते, वहिनी हिंदीत उत्तर देते आणि कुणाचं काही अडत नाही. इथे सूत्रधाराने सगळ्यांना एक पथ्य पाळायला लावायचं. उत्तर देताना प्रश्नातला मुख्य शब्द आपल्या भाषेत पुन्हा उच्चारायचा. आत्याने 'माळ्यावर काय होतं?' विचारलं आणि वहिनीने थेट 'पुराने ख़त थे' म्हटलं, तर हिंदी ऐकणाऱ्याला ते ख़त, म्हणजे पत्रं, कुठे होती ते कळत नाही. आणि मराठी ऐकणाऱ्याला वाटतं, माळ्यावर शेणखत! 'अटारी पर? पुराने ख़त थे, चिट्ठियाँ' असं म्हटलं की दोघांचं भागतं.

वाक्यागणिक भाषांतराची चौथी रीत तुमच्या डोक्यात असेल, तर वरची आत्या आठवा.

२. जे वाचणार ते वाचायचा हक्क तुम्हाला आहे का?

स्वतःचं लिखाण असेल तर ही पायरी सोडून पुढे जा. दुसऱ्याचं असेल तर थांबा.

'घरगुती आहे, पैसे कमवत नाही, नाव तर घेतोच आहे' ही तिन्ही कारणं परवानगीची जागा घेत नाहीत. कविता वाचून ती जगभर ऐकता येईल अशी ठेवणं हे प्रकाशनच आहे. भारतात साहित्यकृतीवरचा हक्क लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं राहतो, तोही मृत्यूनंतरच्या कॅलेंडर वर्षाच्या सुरुवातीपासून मोजून. युरोपीय संघात हीच मुदत ७० वर्षं आहे. लेखकाच्या मृत्यूनंतरच पहिल्यांदा छापलेल्या मजकुराचं भारतातलं गणित आणखी वेगळं: तिथे ६० वर्षं प्रकाशनापासून धरतात. केशवसुत १९०५ साली गेले, बालकवी १९१८ साली. त्यांच्या हयातीत छापलेल्या कविता बेधडक वाचा. संतसाहित्य तर मोकळंच आहे. पण एखाद्या आधुनिक संपादकाने लिहिलेल्या टीपा, अर्थ, प्रस्तावना त्याच्या असतात, आणि अभंगाला कुणी अलीकडे लावलेली चाल त्या संगीतकाराची असते. अभंग वाचा, चाल उचलू नका.

द्विभाषिक मंडळी हमखास अडकतात ती भाषांतरात. मूळ कविता हक्कमुक्त असली तरी तिचं गेल्या काही वर्षांत झालेलं भाषांतर हक्कमुक्त नसतं, ते अनुवादकाचं. उलट, हयात कवीच्या कवितेचं भाषांतर तुम्ही स्वतः केलंत, तरी ते प्रसिद्ध करायला मूळ कवीची परवानगी लागते. मी दोन कवींना पत्र लिहिलं. एकांनी दोन ओळींत होकार दिला. दुसऱ्यांनी आधी भाषांतर पाहायला मागितलं, त्यातल्या तीन चुका दाखवल्या आणि मगच हो म्हटलं. नुकसान तर झालं नाहीच, फुकटची शिकवणी मिळाली.

व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या कवितेखालचं नाव खरं धरू नका. प्रसिद्ध कवींच्या नावावर कुणाच्याही ओळी खपतात. छापील पुस्तकात सापडली तरच वाचा.

पार्श्वसंगीताला हाच नियम. 'सिनेमातलं गाणं दहा सेकंद चालतं' ही निव्वळ कंडी आहे. क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याचं (म्हणजे निर्मात्याने ठरावीक अटींवर वापरायला दिलेलं) संगीत घेतलंत तर परवाना वाचा: 'बाय' असेल तर श्रेय द्या, 'एनसी' असेल तर व्यापारी वापर नको, 'एनडी' असेल तर त्यात बदल करून वाटता येत नाही. माझ्या पॉडकास्टच्या सुरुवातीला भाचा पेटीवर चार सूर वाजवतो, बस. त्याने ते स्वतःच जुळवलेत.

३. सामान आणि कागद

पहिल्या भागाला एवढं पुरतं:

- फोन किंवा संगणक, आणि रेकॉर्डिंगचं कुठलंही साधं ॲप
- तारेचे हेडफोन (ब्लूटूथमध्ये आवाज उशिरा पोचतो, बोलताना स्वतःचंच बोलणं मागून ऐकू येतं)
- जमल्यास एक यूएसबी माइक आणि त्यापुढचं पॉप फिल्टर (तोंडातून येणारा हवेचा झोत अडवणारी जाळी)
- संगणकावर ऑडॅसिटी, म्हणजे आवाज कापायचं-जोडायचं सॉफ्टवेअर. फुकट आहे, जुनं आहे, जोरात चालतं
- फायली ठेवायला दोन वेगळ्या जागा
- परवानग्यांची वही: कुणाचा मजकूर, कुणी कधी हो म्हटलं, पत्र कुठे आहे
- पाहुण्यांची संमती, लेखी किंवा आवाजात
- पॉडकास्टसाठी वेगळा ईमेल पत्ता (कारण दहाव्या पायरीत)

माइकचे दोन प्रकार दुकानदार सांगतील: डायनॅमिक आणि कंडेन्सर. घरगुती खोलीसाठी माझं मत डायनॅमिकला. कंडेन्सर फार हळवा. तो तुमच्या कवितेबरोबर वरच्या मजल्यावरची खुर्ची सरकल्याचंही टिपतो. महागडा माइक वाईट खोलीत नेला तर वाईट खोलीच जास्त स्पष्ट ऐकू येते.

४. खोली

टाळी वाजवा. आवाज भिंतींवरून टणटण परतला तर ती खोली नको. कपड्यांनी भरलेलं उघडं कपाट, गादी, जाड पडदे, पुस्तकांची मांडणी असलेली लहान खोली सगळ्यात चांगली. मी कपाटाचं दार उघडून, साड्यांकडे तोंड करून बसते. दिसायला वेड्यासारखं, ऐकायला झकास.

पंखा बंद. फ्रिजही बंद, आणि फ्रिज बंद करताना घराची किल्ली आत ठेवा. बाहेर पडताना किल्ली हवीच असते, म्हणजे फ्रिज सुरू करायची आठवण आपोआप होते. सिनेमाच्या ध्वनिमुद्रकांची ही जुनी युक्ती आहे. फोन एअरप्लेन मोडवर टाका. टेबलावर पालथा ठेवलेला 'सायलेंट' फोन थरथरला की ती घरघर टेबलातून माइकमध्ये उतरते.

५. संहिता: इथे वेळ घाला

गप्पांना संहिता नको, पाच-सहा प्रश्न कागदावर पुरेत. कथा आणि कविता मात्र लिहूनच वाचायच्या आणि लिहिताना कानाने लिहायच्या. 'त्यानंतर तिच्या असे लक्षात आले की' हे डोळ्यांना चालतं. तोंडाला 'मग तिला कळलं' हवं. माझा वेग मिनिटाला सुमारे शंभर शब्द पडतो, कवितेत त्याहून बराच कमी. तुमचा वेग एकदा घड्याळ लावून पाहा, म्हणजे किती पानांचा किती मिनिटांचा भाग होतो याचा अंदाज येतो.

आता दोन भाषांतले खड्डे. मराठी आणि हिंदी यांची लिपी एक, शब्दही पुष्कळ सारखे, म्हणूनच घात होतो. मराठीत मास्तर 'शिक्षा' करतात, हिंदीत 'शिक्षा' देतात ते विद्या देतात. आपली 'चेष्टा' म्हणजे थट्टा, त्यांची 'चेष्टा' म्हणजे प्रयत्न. आपण 'संसार' थाटतो, हिंदीत 'संसार' म्हणजे सगळं जग. आपला 'राग' आला की भांडण होतं. हिंदी कानाला तो गाण्यातला राग वाटतो, फार तर आसक्ती. हिंदीत बोलताना मी एकदा 'सब ने मेरी चेष्टा की' असं ऐटीत म्हणून गेले. ऐकणाऱ्यांपैकी एकाने मला विचारलं, "किस चीज़ की चेष्टा?"

सगळ्यात मोठी फजिती मात्र माझ्याच कवितेने केली. तिची पहिली ओळ 'आई आली नाही'. मराठीत किती साधी! वहिनीने ऐकली आणि भुवया आकसल्या. तिच्या कानात 'आई' म्हणजेच 'आली'. "आई की नहीं आई? पक्का बताओ," ती म्हणाली. ओळ मी बदलली नाही. पण आता त्या कवितेआधी हिंदीत एक पूल टाकते: एक मुलगी दारात उभी राहून माँची वाट बघतेय, मराठीत माँला 'आई' म्हणतात. मग ओळ येते तेव्हा वहिनीला तिच्यातला दुसरा अर्थही ऐकू येतो, आणि खरं सांगायचं तर तिला ती ओळ माझ्यापेक्षा जास्त भिडते.

म्हणून संहिता झाली की एक काम कराच: पाहुण्या भाषेच्या माणसाला ती कागद न दाखवता वाचून दाखवा. कुठे कपाळाला आठी पडते ते बघा आणि तिथे पेन्सिलीने खूण करा.

कवितेच्या बाबतीत माझा क्रम असा: आधी पाहुण्या भाषेत दोन वाक्यांचा पूल, मग मूळ कविता सलग, मध्ये एकही खुलासा नाही. मग दोन श्वास शांतता. त्यानंतर एखाद्याच अडलेल्या शब्दावर गप्पा. पूर्ण भाषांतर वाचायचं ते स्वतंत्र कविता म्हणून उभं राहत असेल तरच. शब्दाला शब्द ठेवलेलं भाषांतर वर्णनाच्या मजकुरात टाका. वाचायचं त्याने वाचावं.

उच्चारांकडे जरा लक्ष. हिंदी वाचणाऱ्या पाहुण्याच्या हाती मराठी मजकूर देताना 'गाडीला चार चाकं' यातले दोन 'च' वेगळे आहेत हे सांगावं लागतं. 'चाक'मधल्या 'च'खाली मी नुसतं टिंब देते. 'ळ'चा 'ल' झाला की 'वेळ' जाऊन 'वेल' येते. आपल्या बाजूने आपण 'ज्ञान' हे 'द्न्यान' म्हणतो, हिंदीत ते 'ग्यान'. आणि आपलं हिंदी 'है' बरेचदा 'हइ'च्या जवळ जातं. हे सगळं पुसून काढायची गरज नाही. माणसाच्या बोलण्यात त्याची भाषा डोकावतेच, ऐकायलाही गोड वाटतं. अर्थ बदलतो तेवढ्याच जागा सुधारा.

६. रेकॉर्डिंग

तोंडापासून माइक एक वीत. प, फ, भ या अक्षरांना हवेचा झोत माइकवर आदळून 'भप्प' असा आवाज येतो आणि मराठीत ही अक्षरं ढिगाने आहेत. माइक तोंडासमोर न धरता किंचित बाजूला, ओठांच्या कोपऱ्याकडे तिरका ठेवा; निम्मा त्रास तिथेच संपतो. आवाजाचा काटा उणे १२ डेसिबलच्या आसपास नाचावा, हसताना उणे ६ पर्यंत जाऊ दे. शून्याला टेकला की आवाज फाटतो आणि फाटलेला आवाज नंतर शिवता येत नाही. हळू आवाज मात्र वाढवता येतो.

सुरुवातीला अर्धा मिनिट कुणीही काही न बोलता खोली रेकॉर्ड करा. ही शांतता एडिटिंगला सोन्यासारखी कामी येते. वाक्य चुकलं तर थांबू नका, एक टाळी वाजवून तेच वाक्य पहिल्यापासून म्हणा. पडद्यावर टाळीची उंच रेघ दिसते, चूक शोधायला कान लावावा लागत नाही.

भाषा बदलताना एक गंमत होते: आवाजाची पट्टी बदलते. मी हिंदीत अर्धा सूर वर जाते आणि भरभर बोलते. दोन भाषा सलग बोललात तर हा झोल ऐकू येतोच. त्यामुळे सगळे मराठी तुकडे एका बैठकीत, पाणी पिऊन पाच मिनिटं हिंदीत इकडचं तिकडचं बोलून घ्यायचं, मग सगळे हिंदी तुकडे. गप्पांच्या भागात असं करू नका. तिथे तो झोलच खरा.

वडीलधाऱ्यांना बोलतं करायचं असेल तर माइकचं नावही काढू नका. आत्यासमोर मी माइक ठेवला, "हं, आत्या, आता सांग" म्हटलं, आणि जी बाई तासन्‌तास बोलते ती सभेत उभी राहिल्यासारखी 'माझा जन्म' पासून सुरू झाली. दुसऱ्या खेपेला तिच्या जुन्या फोटोंचा डबा पुढ्यात ठेवला. रेकॉर्डिंग सुरू आहे हे तिला ठाऊक होतं, पण हात फोटोंत गुंतले होते. "हा कोण गं?" एवढंच मी विचारलं. चाळीस मिनिटं मिळाली. फोटो चाळल्याची खसखस त्यात आहे, ती मी ठेवली.

पाहुणा दूर असेल तर इंटरनेट कॉलचा आवाज वापरू नका. कॉलवर बोला, पण दोघांनी आपापल्या फोनवर स्वतःचा आवाज वेगळा रेकॉर्ड करा. सुरुवातीला 'एक, दोन, तीन' म्हणून दोघांनी एकदम टाळी वाजवायची, म्हणजे दोन फायली जुळवणं सोपं जातं. पाहुण्याने फाइल व्हॉट्सॲपवर पाठवली तर 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवायला सांगा. व्हॉइस नोट दाबून लहान केलेली असते.

७. संमती, नीट विचारून

'रेकॉर्ड करू ना?' एवढ्याने संमती होत नाही. हे इंटरनेटवर जाईल, अनोळखी माणसं ऐकतील, नंतर काढलं तरी कुणी उतरवून घेतलेली प्रत परत आणता येणार नाही, हे तीनही सांगा आणि त्यांचं 'हो' रेकॉर्ड करा. मुलं असतील तर पालकांची संमती घ्या. शाळा, पत्ता, पूर्ण नाव नको.

आणखी एक बाजू आहे, जी मला उशिरा उमगली. बोलणाऱ्याची संमती असते, पण तो ज्यांच्याविषयी बोलतो त्यांची नसते. आत्याने एका घरातल्या वाटणीचं भांडण इतकं रंगवून सांगितलं होतं की तो त्या भागाचा कळस होता. मी तो कापला. त्या घरातली माणसं हयात आहेत, त्यांनाही कान आहेत.

८. कापाकापी आणि फाइल

वीस मिनिटांच्या गप्पांना मला तीन-चार तास लागतात. आधी मूळ फाइलची प्रत करा आणि प्रतीवरच काम करा.

ऑडॅसिटीत एवढंच करा. चुका कापा आणि कापलेल्या जागी ती सुरुवातीची शांतता भरा, नाहीतर आवाजात खड्डा पडल्यासारखं वाटतं. ८० हर्ट्झच्या खालचं हाय-पास फिल्टरने काढा. रस्त्यावरच्या गाड्यांची घरघर जाते. नॉइज रिडक्शन, म्हणजे मागची गुणगुण पुसणं, जपून. जास्त लावलं की माणूस पाण्याखालून बोलतोय असं वाटतं, आणि ओळीच्या शेवटी हळू सुटलेले शब्द पहिले बळी पडतात. कवितेत तर शेवटचाच शब्द महत्त्वाचा! 'अं', 'म्हणजे', 'बघ ना' सगळे काढू नका. आत्याचे सगळे 'बघ ना' मी एकदा काढले, तर उरली ती आत्याच नव्हती.

मग लाउडनेस. ॲपल पॉडकास्ट्सची शिफारस उणे १६ एलयूएफएस (कानाला आवाज एकूण किती मोठा वाटतो त्याचं माप), एक इकडे-तिकडे चालतं, आणि शिखर उणे १ डेसिबलच्या वर नको. ऑडॅसिटीच्या लाउडनेस नॉर्मलायझेशनमध्ये आधीपासून उणे २३ हा आकडा भरलेला असतो. तसाच ठेवलात तर श्रोत्याला आवाज पिळून वाढवावा लागेल. फाइल मोनो (दोन्ही कानांना एकच आवाज) असेल तर तिथला 'मोनोला ड्युअल मोनो समजा' हा पर्याय टिक केलेला ठेवा. दोन भाषांचे तुकडे वेगळ्या वेळी रेकॉर्ड केले असतील तर आधी दोन्हींची पातळी स्वतंत्रपणे जुळवा, मग जोडा. नाहीतर मराठीला वाढवलेला आवाज हिंदी सुरू होताच कानठळ्या बसवतो.

शेवटची फाइल एमपी३, मोनो, सेकंदाला ६४ ते ९६ किलोबिट. बोलण्याला एवढं पुरतं. वीस मिनिटांचा भाग ६४ वर साडेनऊ-दहा एमबी होतो, १२८ वर त्याच्या दुप्पट. मूळ, न दाबलेली डब्ल्यूएव्ही फाइल शंभर एमबीच्या वर जाते. ती तुमच्यापाशी जपून ठेवा, चढवू नका.

९. नाव, चित्र, वर्णन

चित्र चौकोनी, किमान १४०० बाय १४०० पिक्सेल, जास्तीत जास्त ३००० बाय ३०००, जेपीजी किंवा पीएनजी. दिसणार मात्र टपाल तिकिटाएवढं, म्हणून त्यावर दोन-तीन शब्दांपलीकडे काही नको. देवनागरी अक्षरं तपासा: काही चित्रांच्या ॲपमध्ये जोडाक्षरं फुटतात, रफार भलत्या अक्षरावर बसतो, पहिली वेलांटी उडी मारून पलीकडे जाते. माझ्या पहिल्या चित्रावर 'गोष्टी'मधला 'ष्ट' फुटला होता आणि आठवडाभर कुणाच्या लक्षात आलं नाही, माझ्यासकट.

भागाच्या शीर्षकात घरची भाषा आधी. 'भाग १७' सुरुवातीला लिहू नका. छोट्या पडद्यावर तेवढंच दिसतं आणि नाव कापलं जातं. शेवटी कंसात 'मराठी', 'हिंदी' किंवा 'दोन्ही' लिहा. वर्णनात नाव एकदा रोमन लिपीतही टाका, कारण शोधताना कितीतरी लोक मराठी शब्द रोमनमध्येच टाइप करतात.

१०. होस्टिंग आणि फीड

नवखे इथे सगळ्यात जास्त गोंधळतात, गोष्ट मात्र सोपी आहे. तुमची फाइल ॲपलकडे किंवा स्पॉटिफायकडे राहत असेलच असं नाही. ती राहते होस्टिंग सेवेकडे. ती सेवा एक आरएसएस फीड बनवते, म्हणजे भागांची यादी आणि प्रत्येक फाइलचा पत्ता असलेला एक मजकूर. ॲप्स तो फीड वाचतात, बस. आरएसएस १९९९ पासून आहे. ॲपलने जून २००५ मध्ये आयट्यून्समध्ये पॉडकास्ट घेतले तेही याच फीडच्या जोरावर. म्हणून ॲप आली-गेली तरी फीड तुमचा राहतो. २०२४ मध्ये गूगल पॉडकास्ट्स बंद झालं तेव्हा फीड हाती असलेल्यांचे भाग बाकी ॲप्सवर होते तसेच राहिले.

फुकट होस्टिंग हवं तर स्पॉटिफाय फॉर क्रिएटर्स आहे, पूर्वीचं अँकर. बझस्प्राउट, पॉडबीन, लिबसिन अशाही सेवा आहेत. निवडताना एकच प्रश्न विचारा: उद्या सोडून जायचं झालं तर फीड ३०१ रीडायरेक्टने (जुन्या पत्त्यावर येणाऱ्याला आपोआप नव्याकडे पाठवणारी सोय) नव्या पत्त्यावर वळवून देता का? मी सुरुवातीला घेतलेल्या सेवेत ती सोय नव्हती. सेवा बदलल्यावर जुने श्रोते जुन्याच पत्त्यावर थांबून राहिले, त्यांना एकेक करून फोन करून सांगावं लागलं. बरं, श्रोते तेव्हा एकोणीस होते.

ॲपलवर नोंदणी ॲपल पॉडकास्ट्स कनेक्टमधून, एकदाच. यूट्यूब स्टुडिओतूनही आरएसएस जोडता येतो. तिथे भाग तुमच्या स्थिर चित्राचे व्हिडिओ होऊन जातात.

फीडमध्ये भाषेची एकच खूण भरता येते, मराठी किंवा हिंदी. मग दोन भाषांचे दोन फीड करायचे का? तुम्ही सगळे भाग दोन-दोनदा करणार असाल, तर जरूर करा. मिश्र भाग असतील तर एकच फीड ठेवा आणि जास्त भाग ज्या भाषेत ती खूण भरा. मी उत्साहात दोन फीड काढले होते. हिंदीत चार भाग पडले आणि तो फीड आजही तसाच ताटकळत उभा आहे.

मालकाचा ईमेल फीडमध्ये गेला तर तो कुणालाही वाचता येतो. वेगळा पत्ता काढायला सांगितलं ते यासाठी. माझ्या रोजच्या पत्त्यावर 'तुमचे श्रोते दहापट करून देऊ' छापाची पत्रं अजून येतात. त्यांना पैसे देऊ नका.

११. सोडण्याआधी आणि सोडल्यावर

भाग चढवण्याआधी फोनच्या छोट्या स्पीकरवर, भांडी घासताना ऐका. लोक असंच ऐकतात. हेडफोनमध्ये सुरेख वाटणारी कुजबुज नळाच्या आवाजात पार बुडते. पहिला भाग दहा मिनिटांचा करा. निदान तीन भाग तयार असल्याशिवाय पहिला सोडू नका, कारण दुसऱ्या आठवड्यात घसा बसतो, पाहुणे येतात, काही ना काही होतंच.

ऐकणाऱ्यांचे आकडे पहिले सहा महिने बघू नका. त्याऐवजी दोन्ही भाषांच्या एकेका माणसाला विचारा, कुठे कंटाळा आला, मिनिट सांग. 'छान आहे' हे उत्तर घेऊ नका. वहिनी मला 'सात मिनिटं वीस सेकंद' असा निरोप पाठवते, बाकी काही नाही. मी जाऊन ऐकते आणि नव्वद टक्के वेळा तिथे मी तीच गोष्ट दुसऱ्यांदा समजावत असते.

मूळ डब्ल्यूएव्ही, कापलेली फाइल, संहिता आणि संमतीचा आवाज हे चारही एका फोल्डरात, तारखेने नाव देऊन, दोन ठिकाणी ठेवा. आत्याच्या त्या चाळीस मिनिटांतली मी फक्त अकरा वापरली होती. उरलेली एकोणतीस ती परवा मागत होती. भाग नको म्हणाली, "अख्खं दे, फोटो उलटताना मी काय काय बडबडले ते मला ऐकायचंय."